ठाण्यात राहून करणीची कादंबरी लिहायची असेल, तर आधी गावातलं वैर शोधा

ठाणे-नवी मुंबईतली बरीच तरुण मंडळी हल्ली भयकथा लिहू लागली आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांना पहिलीच कादंबरी लिहायची असते ती दुर्गम गावातल्या करणीची. ही ओढ मला मनापासून आवडते. करणीच्या गोष्टीत मत्सर, धाक, भूक, जुनी भांडणं हे सगळं एका वेशीच्या आत कोंडता येतं, आणि तिथून कुणालाच सुटका नसते. पण माझ्याकडे वाचायला येणारी हस्तलिखितं बहुतेक एकाच साच्याची असतात. पडका वाडा, अमावास्येची रात्र, मोकळे केस सोडलेली बाई, पिंपळ. गाव कुठल्या तालुक्यातलं ते कळत नाही, लोक काय पिकवतात ते कळत नाही, आणि ती बाई एवढी का चिडली आहे ते शेवटच्या प्रकरणात कुणीतरी म्हातारा चार पानांत सांगून टाकतो.

खाली मी जो क्रम देते आहे तो नव्याने लिहिणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या पुढे-मागे करू नका, विशेषतः पहिल्या तीन.

१. गाव ठरवा आणि वर्ष ठरवा

"महाराष्ट्रातलं एक दुर्गम गाव" एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही. तालुका ठरवा. ठाणेकरांना लांब जायची गरजच नाही. कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरलं की तुम्ही शहापूर तालुक्यात असता. कल्याणहून एसटीने मुरबाड आणि पुढे टोकावड्याच्या बाजूला गेलं की नाणेघाट-माळशेजच्या भिंती समोर येतात आणि त्यांच्या पायथ्याला पाडे पसरलेले दिसतात. नवी मुंबईकरांना कर्जत, पेण, सुधागड जवळ पडतात. दिवसाउजेडी जा, आठवडी बाजाराच्या दिवशी जा, आणि भुताखेताबद्दल एकही प्रश्न विचारू नका. पहिल्या भेटीत एवढंच टिपा: पिण्याचं पाणी कुठून येतं, दळण कुठे होतं, मोबाइलला रेंज कुठल्या उंचवट्यावर मिळते, दवाखाना किती लांब आहे आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते. भयकादंबरीत शेवटच्या एसटीची वेळ तुम्हाला अमावास्येपेक्षा जास्त उपयोगी पडते. ती गेली की सकाळपर्यंत गावातून कुणालाही बाहेर पडता येत नाही, आणि हे वाचकाला एका वाक्यात पटतं.

पाण्याची गोष्ट या भागात फार बोलकी आहे. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. पुढे वैतरणा आणि भातसाही आली. ही सगळी धरणं ज्या मुलखात आहेत, त्याच मुलखातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत बसतात. आता विचार करा, अशा पाड्यावरची एकुलती एक विहीर मार्चमध्येच आटली तर गाव कुणाला दोष देईल? धरणाला देणार नाही, ते फार लांब आहे आणि फार मोठं आहे. गाव जवळचं माणूस शोधेल.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे तुमच्या पाड्यावर वर्षातले कित्येक महिने निम्म्या घरांना कुलूप असतं, मागे म्हातारी माणसं आणि एखादं आजारी पोर. यापेक्षा भयाण पार्श्वभूमी मुद्दाम रचूनही सापडणार नाही. आणि ती खरी आहे.

वर्ष ठरवणं तितकंच महत्त्वाचं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी जव्हार-मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्यालाच यावं लागायचं. तुमचं पात्र २००५ साली मोखाड्याहून कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन निघालं असेल, तर त्याचा अख्खा दिवस कसा जातो, रात्री ते कुठे झोपतं, त्या रात्री घरी काय घडतं, हे सगळं आपोआप तुमच्या हाती येतं. २०१३ च्या आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष यातही मोठा फरक आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

गावाचं नाव मात्र कल्पित ठेवा. खऱ्या गावावर चेटकाचा शिक्का मारण्याचा आपल्याला काही हक्क नाही. तिथल्या मुलीला स्थळं यायची बंद होतात. या लेखापुरतं मी माझ्या कल्पित गावाला उंबरखोप म्हणते.

२. वैर शोधा

माझं सगळं म्हणणं या एका पायरीत आहे, म्हणून इथे जरा थांबते.

करणी कुणीतरी कुणावर तरी करतं. म्हणजे करणीच्या आधी दोन माणसांत काहीतरी बिनसलेलं असतं. ते काय बिनसलं हे लिहिणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत नसेल तर भूत कितीही अक्राळविक्राळ रंगवा, वाचक दचकेल पण घाबरणार नाही. गावात वैर बहुतेक वेळा तीन-चार गोष्टींवरून येतं: जमीन, पाणी, मूलबाळ, आणि सोयरीक मोडणं. यातली जमीन धरा, कारण तिचा कागद असतो.

सातबारा तुम्ही पाहिला असेल. शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. गाव नमुना सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पिकं. त्याच्या जोडीला फेरफाराची नोंदवही असते, नमुना सहा. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, कुणी वारस म्हणून लागलं, कुणी हक्क सोडला, हे सगळं त्यात येतं. तुमच्या कादंबरीतल्या मुख्य कुटुंबाचा सातबारा स्वतःच्या हाताने कागदावर तयार करा. नवरा वारला. वारस म्हणून विधवेचं, बायजाचं, नाव लागलं. दिरांची नावं तिच्या खाली. रस्त्यालगतचा तुकडा तिच्या वाट्याला. आता कल्याण-ठाण्याच्या बाजूने फार्महाउससाठी जमिनी बघत गाड्या येऊ लागल्या आहेत. आणि याच वर्षी धाकट्या दिराचं पोर आजारी पडलं.

एवढं लिहून झालं की बघा, अजून एकही भूत आलेलं नाही, पण गावात कुणाच्या तोंडून "तिनेच केलंय" हे शब्द निघणार ते तुम्हाला कळलं आहे. खऱ्या आयुष्यातही डाकीण ठरवल्या गेलेल्या बायकांच्या मागे पुष्कळदा एकटेपण आणि जमीन असते.

इथेच माझा एक हट्ट आहे आणि तो मी सोडणार नाही. तुमच्या कादंबरीत अलौकिक शक्ती खुशाल खरी असू द्या. मी तर म्हणेन असूच द्या, सगळं शेवटी स्वप्न किंवा वेडेपणा निघणं ही वाचकाची फसवणूक आहे. पण गाव ज्या बाईकडे बोट दाखवतं, ती खरंच चेटकीण निघू देऊ नका. ती निघाली की पुस्तक जमावाला म्हणतं, तुमचं बरोबर होतं. मग तिला झाडाला बांधणारे, तिच्या अंगणात दगड टाकणारे सगळे शहाणे ठरतात. खरी शक्ती दुसरीकडे ठेवा. ज्याच्यावर कुणाचा संशय नाही अशा माणसाकडे ठेवा. किंवा गावाने त्या बाईशी जे केलं त्यातून ती जन्माला येऊ द्या. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात प्रत्येक घर देणं लागतं आणि ते वसूल करायला येणारं कुणाच्या उताऱ्याने परत फिरत नाही.

३. प्रत्येक घटना दोन बाजूंनी पटली पाहिजे

उंबरखोपमध्ये पहिलं आजारपण कसं येतं ते बघा. सात वर्षांचा पोरगा रात्री जमिनीवर गोधडीवर झोपलेला. पहाटे तो पोट दुखतं म्हणून उठतो. आई ओवा देते. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या खाली येऊ लागतात, उघड म्हटलं तरी उघडत नाहीत. जीभ जड होते, बोलणं बोबडं होतं, थुंकी गिळता येत नाही. अंगावर कुठे जखम नाही, ताप नाही. रात्री तर हसत झोपला होता. आजी म्हणते, काल संध्याकाळी काकीने त्याला चणे दिले होते.

हे मण्यार चावल्याचं वर्णन आहे. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, चावा दुखत नाही आणि खूण पुष्कळदा सापडतही नाही. विष मज्जासंस्थेवर चालतं, पापण्या आधी मिटू लागतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. वेळेत प्रतिविष आणि गरज पडली तर कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. भगताकडे घालवलेले दोन तास जीव घेतात. (कादंबरी क्षणभर बाजूला: तुमच्या आसपास कुणाला पहाटे अशी लक्षणं दिसली तर चाव्याची खूण शोधत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या.)

वाचकाला यातलं काहीही सांगायचं नाही. लक्षणं तंतोतंत लिहा आणि पुढे चला. ज्याला माहीत आहे तो ओळखेल आणि गाव चुकीच्या दिशेने धावताना बघून त्याचा जीव कासावीस होईल. ज्याला माहीत नाही तो आजीबरोबर त्या चण्यांकडे बघेल. दोघंही घाबरतील, वेगवेगळ्या कारणांनी.

अशा दुहेरी घटनांचा साठा करून ठेवा. अंगावर आपोआप उमटणाऱ्या काळ्या फुल्या: बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की तसे चट्टे उठतात. पेटीत घडी करून ठेवलेल्या कपड्यांनी पेट घेणं: पिवळा फॉस्फरस हवेत स्वतःहून पेटतो. लिंबू कापल्यावर रक्त: सुरीला आधी जास्वंदीचं फूल चोळलेलं असतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन माणूस दिसत नसलेल्या कुणाशी तरी बोलत बसणं: धोतऱ्याचं बी पोटात गेलं की हे होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हे प्रयोग करून दाखवत आले आहेत. त्यांचा कार्यक्रम तुमच्या भागात असेल तर पहिल्या रांगेत जाऊन बसा. कार्यकर्ता जे उलगडून दाखवतो तेच तुम्हाला गुंडाळून ठेवायचं आहे.

आणि मग, साधारण कादंबरीचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग झाल्यावर, एक घटना अशी आणा जिला दुसरी बाजू नाही. एकच. तोवर वाचक प्रत्येक वेळी कारण शोधायला शिकलेला असतो. या वेळी तो शोधेल आणि त्याला मिळणार नाही.

४. एकच भूत घ्या आणि त्याचे नियम पाळा

आपल्याकडे भुतांची काही वाण नाही. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा, बाळंतपणात गेलेली अळवंतीण, पाण्याशी ओढणारा गिऱ्हा, रानात वाट चुकवणारा चकवा, विहिरीवरच्या आसरा, खवीस, समंध, हडळ, जखीण. नवा लेखक यातले सहा-सात जण एकाच पुस्तकात आणतो आणि कुणाचीच भीती वाटेनाशी होते. करणीच्या कादंबरीत एक शक्ती पुरते. ती कशाने येते, कुठे जाऊ शकत नाही, काय मागते आणि मागितलेलं दिलं तरी काय सोडत नाही, हे चार मुद्दे कागदावर लिहा. वाचकाला त्यातले तीनच कळू द्या.

ठाणे जिल्ह्याच्या मातीतलं साहित्य हवं असेल तर दोन जुनी इंग्रजी पुस्तकं चाळा, दोन्ही नेटवर फुकट मिळतात. एक १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर. दुसरं १९१५ साली छापलेलं कोकणातल्या लोकसमजुतींचं टिपण. त्यातली माहिती जॅक्सन यांनी जमवायला सुरुवात केली होती. हे तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांना १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. त्यांच्या पश्चात एन्थोव्हन यांनी ती संपादित करून छापली. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली उत्तरं त्यात आहेत: अमुक गावात पाऊस लांबला तर काय करतात, दृष्ट कशी काढतात, वेस कशी बांधतात. लिहिणारा साहेबी नजरेचा आहे हे लक्षात ठेवून वाचा. मराठी पुस्तकांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, १८९३ पासून. लोकसाहित्याच्या कपाटापाशी एक अख्खी दुपार घालवा.

वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्यातली श्रद्धा लिहिणार असाल तर जास्त काळजी घ्या. भगत म्हणजे आपोआप खलनायक नव्हे. त्याच्याकडे झाडपाल्याचं ज्ञान असतं, घरातल्या भांडणात लोक त्याच्याकडेच जातात, वाघोबाच्या पूजेला तोच पुढे असतो. त्याने कौल लावून "घरातलंच कुणीतरी आहे" म्हटलं की पुढे काय होणार याची त्यालाही धास्ती असू शकते. असा भगत रंगवलात तर पात्र जिवंत होईल. हाडांच्या माळा घातलेला, लाल डोळ्यांचा मांत्रिक कृपा करून आणू नका.

५. कोण सांगतंय?

शहरातून गेलेला पत्रकार, डॉक्टर किंवा वाडा विकायला गेलेला नातू, हे तिघे फार वापरून झाले आहेत. ते बाहेरचे असल्यामुळे प्रत्येक गोष्ट त्यांना कुणीतरी समजावून सांगावी लागते आणि गोष्ट थांबून थांबून चालते. माझ्या मते सर्वांत चांगला निवेदक म्हणजे गावातलाच, थोडासा बाजूला पडलेला माणूस. आशा कार्यकर्ती घ्या. ती घरोघरी जाते, तिला बाळंतपणं माहीत असतात, कुणाच्या घरात कोण आजारी ते माहीत असतं, आणि लोक तिला गोळ्या मागतात पण भगताबद्दल तिच्यासमोर बोलत नाहीत. अंगणवाडीची ताई, टँकरचा ड्रायव्हर, रेशन दुकानदार हेही चालतील. ठाण्याशी धागा हवा असेल तर लोकमान्यनगरच्या चाळीत वाढलेली आणि लग्न होऊन उंबरखोपला गेलेली मुलगी घ्या. ती गावाची सून आहे, म्हणजे ना पाहुणी ना माहेरवाशीण. तिला सगळं ऐकू येतं आणि बोलायची मुभा कशाचीच नाही.

६. भीती लिहिताना हात आवरा

एक नमुना देते. पहिल्या खर्ड्यात नवे लेखक साधारण असं लिहितात: रात्रीचे बारा वाजले होते, सर्वत्र भयाण शांतता पसरली होती, अचानक वाऱ्याची झुळूक आली आणि बायजाच्या डोळ्यांत एक विचित्र चमक दिसली. यात भयाण, अचानक, विचित्र हे तीन शब्द भीतीचं काम स्वतःच उरकून मोकळे होतात आणि वाचकाला काही करायला उरत नाही.

आता हे बघा.

"बायजाने हंडा विहिरीच्या काठाला टेकवला तशा बाकीच्या बायका गप्प झाल्या. तिने पोहरा सोडला, ओढला, पुन्हा सोडला. हंडा भरायला बराच वेळ लागला, पाणी तळाला गेलं होतं. ती डोक्यावर चुंबळ ठेवून निघून गेली. मग पारूने स्वतःचा भरलेला हंडा उचलला आणि सगळाच्या सगळा मातीत ओतून दिला. तिच्यामागून दुसरीनेही ओतला. एप्रिल चालू होता."

यात रात्र नाही, वारा नाही, भूत नाही. पण टँकरची वाट बघणाऱ्या गावात बायका स्वतःच्या हाताने पाणी ओतून देतात म्हणजे भीती कुठवर गेली आहे ते कळतं. अशी दृश्यं मिळवायची तर पहिल्या पायरीतली टिपणं काढून बसायचं. तिथे पाण्याची नोंद केली होती म्हणून इथे पाणी ओतता आलं.

आवाजांसाठी येऊरचं जंगल आहे. संध्याकाळनंतर आत थांबायला मनाई असते, त्यामुळे पहाटे उजाडताना जा. भेकराचं भुंकणं कुत्र्यासारखं वाटतं पण एकाच सुरात थांबून थांबून येतं. बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा असतो. शहरातल्या माणसाला तो ओळखूच येणार नाही आणि म्हणून तो तुमच्या कामाचा. रातवा, पिंगळा, टिटवी हे आवाज वेगवेगळे ओळखायला शिका. "कुठूनतरी पक्ष्याचा चित्कार ऐकू आला" असं लिहिलंत तर गावचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात फिकट हिरवी उजळते, हेही बघून ठेवण्यासारखं आहे. चालायची सवय असेल तर जाणकार सोबत घेऊन जा.

प्रसंगांची तारीख शेतीच्या वर्षावर बांधा. मे महिन्यात राब भाजतात, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात, तेव्हा सगळा डोंगर धुराने भरलेला असतो. जुलैत आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, अख्खं गाव चिखलात वाकलेलं असतं आणि घरं रिकामी. भाद्रपदात पितृपंधरवडा. दिवाळीच्या आसपास कापणी, मग झोडणी, आणि त्यानंतर निम्मी घरं बंद. उंबरखोपची गोष्ट मी मार्चमध्ये विहीर आटू लागण्यापासून सुरू करेन आणि पहिल्या पावसात संपवेन. तीन-साडेतीन महिन्यांचा काळ पहिल्या कादंबरीला भरपूर झाला.

७. बोलीभाषा थोडी वापरा

ठाणे-नवी मुंबईत आगरी-कोळी बोली तुमच्या कानावर असते. दिवाळे, घणसोली, तुर्भे, गोठिवली या गावठाणांत सिडकोच्या इमारतींच्या मधोमध गावदेवीचं देऊळ आणि जुनी वस्ती अजून आहे. तिथल्या आज्यांकडे जुन्या गोष्टींचा खजिना आहे. दुपारी, कामं आवरल्यावर, ओळखीच्या कुणाला घेऊन जा. भुताच्या गोष्टी मागू नका, "आजी, तुमच्या लहानपणी मिठागरावर कोण कोण जायचं?" असं काही विचारा. खाडीवरून रात्री परतायची गोष्ट निघाली की बाकीचं त्या स्वतःच सांगतात. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा आणि पुस्तकात त्यांचं नाव-गाव घालू नका.

पण आगरी बोली मुरबाडच्या पाड्यावर चालणार नाही. सगळ्या गावाकडच्यांना एकच "लय भारी" छापाची भाषा देणं हा वाचकाचा अपमान आहे. बोली येत नसेल तर निवेदन साध्या मराठीत ठेवा आणि संवादात त्या भागातले मोजके, नीट तपासलेले शब्द येऊ द्या. वाक्याचा ढंग धरा, उच्चार लिहीत बसू नका. नाती मात्र बिनचूक हवीत: भावजय, जाऊ, नणंद, दीर, चुलत सासू. करणीचा संशय याच नात्यांतून फिरतो आणि तिथे गोंधळ झाला तर वैराचा धागाच तुटतो.

८. कायदा माहीत असलाच पाहिजे

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचं दूध आटवते असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायची तरतूदही आहे.

आता २०१३ नंतरच्या काळात कादंबरी घडत असेल तर तुमच्या गावालाही हे माहीत असणार. मग लोक उघड बोलणार नाहीत. शब्द वापरणार नाहीत. "तिचं नाव घेऊ नको" एवढंच म्हणतील, आणि रात्री कुणाच्या दारात काय ठेवलं ते सकाळी कुणीच पाहिलेलं नसेल. कायद्याने गाव अधिक गुपचूप झालं आहे, आणि कथेसाठी हे फार मोठं साधन आहे. फौजदार पाड्यावर येतो, सगळे त्याला चहा देतात, आणि बायजा स्वतःच म्हणते, "मला कुणाचा त्रास नाही." ती असं का म्हणाली यावर एक प्रकरण सहज उभं राहतं.

ठाण्याचं मनोरुग्णालय कथेत आणणार असाल तर तिथले रुग्ण भीतीचं सामान म्हणून वापरू नका. "तिला ठाण्याला नेलं" हे गाव ज्या सुरात म्हणतं तो सूर दाखवा, तेवढं पुरे.

९. लिहिणं आणि वाचून घेणं

पन्नास-साठ हजार शब्दांची पहिली कादंबरी पुष्कळ झाली. आधी प्रत्येक प्रकरणाची एक ओळ लिहा: काय घडतं, गाव त्याचं काय मानतं, खरं काय आहे. तिसरा भाग रिकामा राहील असं एकच प्रकरण ठेवायचं, ते कोणतं हे तिसऱ्या पायरीत ठरलंच आहे. मग रोज ठरलेल्या वेळी बसा. लोकलमध्ये मोबाइलवर लिहिता येतं, पण भीतीचे प्रसंग घरी, मोठ्याने वाचत लिहा. वाक्य अडखळलं की तिथे विशेषण जास्त झालेलं असतं.

खर्डा पूर्ण झाला की दोन जणांना द्या. एक भयकथा भरपूर वाचणारा, तो कुठे कंटाळला ते सांगेल. दुसरा त्या तालुक्यात वाढलेला. ठाणे, कळवा, डोंबिवली, ऐरोली, कुठेही बघा, मुरबाड-शहापूरहून नोकरीला आलेलं कुणीतरी तुमच्या ऑफिसात किंवा इमारतीत सापडेलच. त्या दादांना किंवा ताईंना तीन गोष्टी विचारा: कुठे हसू आलं, कुठला शब्द त्यांच्याकडे कुणी बोलत नाही, आणि बायजाशी गाव जे वागलं ते त्यांनी कधी पाहिलंय का. तिसऱ्या प्रश्नावर ते गप्प झाले तर घाई करू नका. बोलले तर ऐकून घ्या, लिहून घेऊ नका, आणि त्यातलं काही वापरायचं असेल तर त्यांची परवानगी घेऊन माणसं, घरं, वर्ष सगळं बदला. त्यांनी खुणा केलेली पानं परत आली की दुसरा खर्डा सातबाऱ्यापासून पुन्हा सुरू करा, कारण पहिला बदल बहुतेक तिथेच निघतो.